डबल बारची बंदूक : ‘विलायती’ म्हणून किती मोजायचे?



आधी नेहमीची नोंद. खोडव्यात पाचटाची कुट्टी झाली, दुसरं पाणी चालू आहे. धरणाचं पाणी मागं सरलं तशी गाळपेर मोकळी झाली, तिथं मका टाकलाय. परवा रात्री त्यात डुकरं शिरली आणि चार-पाच गुंठं लोळवून गेली. कणसात नुकतं दूध भरत होतं. पंचनाम्याचा अर्ज वनखात्याकडं दिलाय, बघू.

पण आजचं लिहिणं पिकाचं नाही, बंदुकीचं आहे. हे पान शेतीचं आहे हे मला माहीत आहे. तरी बंदूक हे बी आपल्याकडं शेतीचंच अवजार म्हणून घेतलं जातं, आणि ह्या एका अवजाराबद्दल आपल्याला जितकं अज्ञान आहे तितकं दुसऱ्या कशाबद्दल नसेल. ट्रॅक्टर घेताना आपण चार गावं पालथी घालतो. बंदूक घेताना मात्र दुकानदार सांगेल ते नाव ऐकून पैसे मोजतो.

झालं असं, माझ्या चुलत भावाला दोन वर्षांच्या हेलपाट्यांनंतर परवाना मिळाला. त्याची वस्ती ऊस आणि केळीच्या मधी एकटी पडलेली. 2020 च्या डिसेंबरात आपल्या करमाळा तालुक्यात बिबट्यानं जो धुमाकूळ घातला, फुंदेवाडी, अंजनडोह, चिखलठाण अशी एकामागून एक माणसं गेली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात बंदूक बसलीय. आता परवाना हातात आला आणि मोठ्या शहरातल्या एका दुकानदारानं त्याला जुनी डबल बारची बंदूक दाखवली. इंग्लंडची, बर्मिंगहॅमची. किंमत दोन लाख चाळीस हजार. वर सांगितलं, “असला माल आता येत नाही, इम्पोर्ट बंद आहे, आज सोडली तर उद्या मिळायची नाही.” भावानं वीस हजार इसार देऊन टाकला. बाकीचे उसाच्या बिलातनं देणार. त्याच्या घरी ह्यावरनं तीन दिवस अबोला होता, कारण त्याच पैशात बोअरची मोटार, पाईपलाईन आणि पोरीची नर्सिंगची फी बसायची होती. वहिनींचा मला फोन आला, “भावजी, तुमच्याकडं सासऱ्यांच्या काळापासनं बंदूक आहे. तुम्ही तरी सांगा ह्यांना.”

मी भावाकडं बंदुकीचे फोटो मागितले. दुकानदारानं पाठवलेले सगळे फोटो वरच्या बाजूचे. नक्षी, चकाकणारं लाकूड, नाव. मी म्हणलं, नळ्या काढून खालच्या बाजूचा एक फोटो माग. तो आजपर्यंत आलेला नाही.

भाऊ माझ्यावर चिडलाय. त्याचं म्हणणं, “दादा, तुमच्याकडं स्वतःकडं विलायती आहे आणि मला देशी घे म्हणताय.” त्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय, म्हणजे बाकीच्यांना बी उपयोग होईल.

माझ्याकडं आहे ती बेल्जियमची. आबांनी ती एका इनामदाराच्या घरातनं जुनीच घेतली होती, मी जन्मायच्या आधी. त्या काळात ती भारी वस्तू नव्हती, हे आधी समजून घ्या. श्रीमंताची बंदूक म्हणजे इंग्लंडची, लंडनची. बेल्जियममधल्या लिएज शहरात आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी नळ्या, चाप, लाकूड असे सुटे भाग व्हायचे आणि तिथनं स्वस्त बंदुका जगभर जायच्या. पुष्कळदा त्यावर बनवणाऱ्याचं नाव नसायचंच, विकणाऱ्या दुकानाचं नाव असायचं. म्हणजे आबांची बंदूक ही त्या काळची ‘परवडणारी विलायती’ होती. शेतकऱ्याची, फॉरेस्ट गार्डाची, छोट्या वतनदाराची.

धरणात गाव गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. नव्या गावठाणात सामान हलवताना आबांनी बंदूक घोंगडीत गुंडाळून, बैलगाडीत ज्वारीच्या पोत्यांच्या मधी ठेवली होती आणि परवान्याचं पुस्तक बिस्किटाच्या डब्यात, तो डबा आईच्या मांडीवर. जुन्या घराची तुळई आणता आली नाही, ती पाण्यात आहे. बंदूक आली. म्हणून माझा तिच्यावर जीव आहे, हे कबूल. पण जीव असणं वेगळं आणि वस्तू चांगली असणं वेगळं.

ती चांगली आहे हे मला कळलं ते माझ्याच चुकीमुळं. आबा सत्तरीच्या पुढं गेले तेव्हा परवाना माझ्या नावावर झाला. (नियमात तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडं हत्यार पंचवीस वर्षं असलं, तर तो हयात असताना वारसाला अर्ज करता येतो. मेल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.) आबा कायम खडकीची ‘शक्तिमान’ काडतुसं वापरायचे, पुण्याच्या दारूगोळा कारखान्यातली. मी बी तीच आणली. फक्त आबा आणायचे ती आखूड असायची, 65 मिलिमीटरची. मी आणली ती 70 ची. मला वाटलं, पाच मिलिमीटरनं काय होतंय. बसली की व्यवस्थित.

इथं शेतकऱ्यांनी नीट वाचा, कारण ही चूक दहातले आठ जण करतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं, म्हणून आखूड असतं. त्यामुळं 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, बंदूक बंद होते, सगळं ठीक वाटतं. चाप ओढला की तोंड उलगडायला जागाच मिळत नाही. ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि आतला दाब वाढतो. नळी लगेच फुटेल असं नाही. पण प्रत्येक बाराला खांद्यावर जास्त धक्का आणि सांध्यावर जास्त ताण.

मी दोन वर्षं तसंच वापरलं. बार किती काढले असतील? तीस-पस्तीस. सगळे हवेत, डुकरं हुसकायला. मग एके दिवशी बंदूक हलवली तर खळखळ वाजायला लागली. सांधा ढिला. एका म्हाताऱ्या बंदूक-मिस्त्रींकडं घेऊन गेलो, परवानाधारक माणूस, आता ते नाहीत. त्यांनी नळ्या काढल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि खालचे शिक्के मला एकेक वाचून दाखवले. अंडाकृतीत ई एल जी अशी अक्षरं, हा लिएजच्या तपासणी घराचा शिक्का. सिंह आणि त्याच्याखाली पी व्ही, म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली. आणि घराची लांबी, 65. सगळं नळीवर लिहिलेलं होतं. माझ्या घरात तीस-चाळीस वर्षं लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, “बंदूक साधी आहे, पण काम इमानदारीचं आहे. तुम्हीच तिला मारलं.” सांधा बसवून दिला, पैसे घेतले, आणि पुन्हा 70 घातलं तर माझ्याकडं येऊ नका म्हणाले.

तेव्हापासनं मी ह्या विषयाच्या मागं लागलो. दहावीपर्यंतचं इंग्रजी, बाकी पोराची मदत आणि मोबाईल. त्यातनं जे कळलं ते सांगतो.

‘विलायती’ हा काही एक दर्जा नाही. इंग्लंडमधी सुद्धा हातानं केलेली हजारो रुपयांची बंदूक आणि बर्मिंगहॅमच्या गल्लीत दुकानदारासाठी गठ्ठ्यानं केलेली साधी बंदूक ह्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि दोन्हींवर बर्मिंगहॅमच लिहिलेलं असायचं. तिथलं तपासणी घर 1813 सालापासून आहे. नळीत जादा दारू भरून बार काढायचा, टिकली तर शिक्का मारायचा, असा तिथला कायदा. हा शिक्का मजबुतीचा पुरावा आहे, कारागिरीचा नाही. आणि तो ज्या दिवशी मारला त्या दिवसापुरता आहे. नंतर शंभर वर्षांत कुणी नळी आतून घासून पातळ केली असेल तर त्या शिक्क्याला काही अर्थ राहत नाही.

स्पेनमधलं एइबार गाव, तिथं बी इंग्रजी नमुन्याच्या डबल बार बंदुका निम्म्या-पाव किमतीत व्हायच्या. आज हे काम तुर्कस्तान करतंय. कोन्या प्रांतात हुग्लू नावाचं गाव आहे, तिथं 1962 पासून बंदूक बनवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. आपल्याकडं साखरेची सोसायटी तशी त्यांच्याकडं बंदुकीची. त्यांचा माल अमेरिकेत जातो आणि तिथला मध्यम शेतकरी, शिकारी तो घेतो. तिथं त्यांच्यात कायम वाद चालतो, की स्वस्त तुर्की दोन-नळी घ्यावी का जुनी इंग्रजी, का जपानी. कुणी म्हणतं लाकूड चांगलं पण चाप जड. कुणी म्हणतं हजारभर बारानंतर आतली स्प्रिंग तुटली. कुणी म्हणतं पैशाच्या मानानं उत्तम. वाचून मला हसू आलं, आपल्याकडं रोटाव्हेटरवर हाच वाद चालतो. चिनी का देशी, गिअरबॉक्स किती टिकतो, सुटे भाग मिळतात का.

फरक एवढाच, की तिथल्या माणसाला निवड आहे. आपल्याला नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासनं सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणायची बंदी आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, आपल्याला नाही. म्हणजे आपल्या बाजारात ‘स्वस्त विलायती’ नावाची वस्तूच नाही. जे आहे ते बंदीच्या आधी आलेलं, एका परवान्यावरनं दुसऱ्या परवान्यावर फिरणारं. त्यामुळं जी बेल्जियन बंदूक तिच्या देशात भंगाराच्या वरची किंमत मिळवणार नाही, ती आपल्याकडं लाखाच्या बोलीत जाते. तो लाख तिच्या पोलादाला नाही, तुटवड्याला आहे. दुकानदार ‘इम्पोर्ट बंद आहे’ म्हणाला ते खरंच आहे. पण इम्पोर्ट बंद आहे म्हणून ती बंदूक चांगली, हे कुठून आलं?

जुन्या झेटर ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. चेकोस्लोव्हाकियातनं आलेले, आपल्या भागात अजून दोन-चार आहेत. कुणी विकायला काढला तर आपण ‘चेक आहे’ म्हणून तिप्पट पैसे देतो का? ऑइल प्रेशर बघतो, धूर बघतो, गिअर टाकून बघतो. बंदुकीचं हेच करायचं. कसं, ते मिस्त्रींनी मला दाखवलं तसं सांगतो.

पहिलं, बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटानं बघा. दुकानदारानं सांगितलं म्हणून नाही. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढायला सांगा. ते लावलेलं असलं की सांध्याचा ढिलेपणा झाकला जातो, हीच खरी गोम आहे. लाकूड काढून, बंदूक बंद करून, दस्ता धरून हलवा. कानाजवळ हलवा. खळखळ ऐकू आली, किंवा उजेडासमोर धरल्यावर नळ्यांचं बूड आणि मागची भिंत ह्यांच्या मधनं फट दिसली, तर सांधा गेलाय. दुरुस्त होतो, पण तो खर्च किमतीतनं वजा करायचा. वरची चावी कुठं थांबते तेही बघा. बंद केल्यावर ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडं असावी. डावीकडं गेली असली तर कुलपाची झीज झालीय.

नळ्या सुट्या करून खिडकीकडं धरा आणि आतून बघा. आतल्या पॉलिशवर उजेडाची गोल कडी कडी दिसतात. नळी फिरवत जा. कडं कुठं मोडलं, वाकडं झालं, तिथं पोचा आहे नाहीतर फुगवटा. पोचा काढता येतो. फुगलेली नळी म्हणजे आत काहीतरी अडकलेलं असताना बार काढलेला, तिला हात लावू नका. गंजाचे खड्डे बघा. पुढच्या भागातले बारीक चालतील, काडतुसाच्या घराजवळचे खोल असतील तर नको. माझ्या बंदुकीला असे दोन खड्डे पडलेत. ते निवडणुकीचे. आचारसंहितेत ती जमा करावी लागते, आणि एका ठाण्यात ती पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून उभी होती. आता जमा करताना मी तेलाचा बोळा नळीत घालून, कापडात बांधून, पावतीवर ‘तेल लावून दिली’ असं लिहून घेतो. हसतात, हसू द्या.

मग नळ्या एका बोटावर खालच्या खुंटीनं लटकवा आणि टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखी वाजली तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. फुटक्या मडक्यासारखी वाजली तर डाग सुटलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खालचे शिक्के. घराची लांबी किती, इंचात अडीच का पावणेतीन, मिलिमीटरमधी 65 का 70. बिनधुराच्या दारूचा शिक्का आहे का. शिक्केच नसतील, किंवा पॉलिश करून पुसट झाले असतील, तर किंमत निम्मी करा आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय निम्मी बी देऊ नका. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी, वेणीसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. दिसायला फार देखणी, आणि दुकानदार तिचे जास्तच सांगेल. पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. आजची काडतुसं तिच्यासाठी नाहीत. भिंतीवर लावायची असेल तर घ्या, शेतात न्यायची असेल तर नाही.

चाप दोन असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी सहसा थोडी मोकळी, डावी तोंडाशी जास्त आवळलेली, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र जावेत म्हणून. दोन्ही चाप वेगवेगळे चालतात ना, बघा. पण रिकाम्या जुन्या बंदुकीचे चाप कटकट ओढत बसू नका, आतली पिन तुटते. नकली काडतूस घालून बघा. आणि सेफ्टीच्या खटक्यावर विश्वास नको. बहुतेक साध्या डबल बार बंदुकीत तो खटका फक्त चाप अडवतो, आतला घोडा अडवत नाही. जुनी झिजलेली बंदूक सेफ्टीवर असताना बी पडून उडू शकते. बांध ओलांडताना, गाडीवर बसताना, घरात शिरताना बंदूक उघडी आणि नळ्या रिकाम्या. आमच्या घरात ह्याला अपवाद नाही, पाहुणा असला तरी.

आता देशी बंदुकीचं. मी तिचं उगाच कौतुक करणार नाही. सरकारी कारखान्याची आणि बिहारमधल्या मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांची, दोन्ही मी हाताळल्यात. चाप जड, लाकूड कच्चं आणि रंग फासलेला, तोल पुढं झुकलेला, उघडताना गुडघ्यावर आपटावी लागते अशी एक बघितली. माझी बेल्जियन शंभरीच्या घरात आहे आणि तरी उघडली की दाराच्या बिजागरीसारखी गप पडते. हा फरक आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. कारण बी उघड आहे. ज्याला स्पर्धा नाही तो कशाला सुधारेल? दार चाळीस वर्षं बंद ठेवलं, आत जे होईल ते गिऱ्हाईक घेणारच. 2021 च्या ऑक्टोबरात सरकारनं जुनं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, खडकीचा कारखाना त्यातल्या एकीत गेला. कंपनी झाली की माल सुधारतो का, ते बघायचं.

माझं मत विचाराल तर साध्या, गुळगुळीत नळीच्या, बारा बोअरच्या शेतकी बंदुकीपुरतं आयातीचं दार किलकिलं करावं. तपासणीचा शिक्का बघून, जकात लावून, परवानाधारकालाच. ह्यावर एका कृषी अधिकाऱ्यांनी मला सुनावलं, “गावात बंदुका वाढतील, लग्नात बार काढतील.” परवान्याचं फाटक आहे तसंच राहू द्या की. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, सगळं. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि लग्नात-वरातीत बार काढला, लोकांच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते योग्यच आहे. फाटकातनं जो आत आला त्याला निदान धड वस्तू मिळावी, एवढंच माझं म्हणणं. फुगलेल्या नळीची जुनी बंदूक ही गावाला नव्या बंदुकीपेक्षा जास्त धोक्याची.

पण ते होईल तेव्हा होईल. आज भावानं काय करावं? मी त्याला देशीच घे म्हणतोय. नवं पोलाद, नवा शिक्का, 70 चं घर, खडकीचं काडतूस डोळे झाकून बसतं आणि उडतं. चाप जड असला तर असू दे, त्याला काय उडत्या तितराची शिकार करायचीय? ती तर करताच येत नाही. इथं भिगवण-कुंभारगावकडं लोक रोहित पक्षी बघायला मुंबईहून येतात, तिथं बंदूक खांद्यावर टाकून काठानं फिरलास तरी लोक पोलिसांना फोन करतील, आणि बरोबर करतील.

खरं सांगायचं तर मुळात तिचा उपयोग किती, हे बी त्याला सांगितलंय. बिबट्या अनुसूची एकमधला प्राणी. काळवीट तसंच. त्यांच्यावर नळी रोखायची सुद्धा नाही. 2020 मधी वांगीजवळ तो बिबट्या 18 डिसेंबरला मारला तो वनखात्याच्या आदेशावर, त्याआधी कितीतरी दिवस शेकडो माणसं, पिंजरे, कॅमेरे लावून शोध चालू होता. दहा फूट उंच उसात, अंधारात, एकट्या माणसाच्या हातातली बंदूक बिबट्याला दिसतच नाही, माणसाला मात्र धीर देते. तो धीर कधी कधी नको तिथं घेऊन जातो. रानडुकरावर सुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नेम धरायचा नाही. मला एकदा परवानगी मिळाली होती. रात्र काढली, एक बार काढला, चुकला. कळप दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या भुईमुगात.

ह्या चार वर्षांत माझं पीक जर कशानं वाचलं असेल तर केळीभोवतीच्या सौरऊर्जेच्या झटका तारेनं. दोन एकराला मशीन, पॅनल, तार, खांब धरून अठरा हजार गेले. तारेखालचं गवत मारत राहावं लागतं, नाहीतर करंट उतरतो, एवढाच त्रास. गाळपेरीत तार लावली नव्हती, पाणी कधी चढेल सांगता येत नाही म्हणून. तिथंच डुकरं आली.

भाऊ म्हणतो, “मग तुमची विकून टाका.” विकणार नाही. आबांची आहे. पण तिचं दोन लाख चाळीस हजार कुणी देऊ केलं तर तो माणूस फसतोय असंच मी म्हणीन, आणि ह्या पानावरच म्हणीन.

काल रात्री भावाचा फोन आला. आवाज जरा नरमला होता. त्यानं दुकानदाराला घराची लांबी विचारली म्हणे, 65 का 70. दुकानदार म्हणाला, “काळजी करू नका, सगळी काडतुसं बसतात.”

मंगळवारी आम्ही दोघं जातोय. सोबत मिस्त्रींचा पोरगा येतोय, तो आता तेच काम करतो. खिशात टॉर्च, स्टीलची पट्टी आणि इसाराची पावती. वहिनी बी येते म्हणाल्यात.